घराखालची जमीन कोणाची?

२०२१ साली व्हावयाची जनगणना झालीच नाही आणि नव्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरविण्यात आली. जनगणनेच्या शिरस्त्याप्रमाणे बेघरांची मोजणी एका रात्रीत उरकली जाते. २०११ साली ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. जे कुटुंब इमारतीत राहत नाही. उघड्यावर, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या नळात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, रेल्वेच्या फलाटावर किंवा देवळाच्या मंडपात राहते ते बेघर, अशी ही सरकारी व्याख्या आहे. तिच्यानुसार २०११ साली देशात सुमारे १७ लाख ७० हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार माणसे बेघर ठरली. २००१ साली देशाचा आकडा १९ लाखांच्या वर होता. तेव्हा बेघरांची संख्या घटत आहे, असे समाधान मानणारे त्या वेळी पुष्कळ निघाले. आकड्याच्या पोटात मात्र निराळीच हकिगत होती. ग्रामीण बेघर साडेअकरा लाखांवरून सव्वाआठ लाखांच्या आसपास उतरले होते आणि शहरी बेघर पावणेआठ लाखांवरून ९ लाख ४० हजारांच्या घरात चढले होते. खेड्यातील बेघराला खेड्यात घर मिळाले की त्याने शहरातील पूल गाठला, याचे उत्तर जनगणना देत नाही. ते तिचे कामही नव्हे.

परंतु पालघर जिल्ह्यापुरता विचार केला तर या मोजणीची मर्यादा याहून खोल आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस मोखाडा, जव्हार, विक्रमगड या तालुक्यांतील पाड्यांवर म्हातारी माणसे आणि कुत्री एवढीच शिल्लक असतात. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की धडधाकट माणसे मुलाबाळांसह वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर निघून जातात. भट्टीच्या कडेला कच्च्या विटा रचून, वर प्लास्टिक वा पत्रा टाकून कुटुंब सहा महिने काढते. त्या आडोशाला छप्पर आहे आणि आत चूल पेटते. तेवढ्याने ते मोजणीदाराच्या लेखी घर ठरू शकते. पाड्यावर कारवीच्या कुडाची झोपडी कडी लावून उभी असते; तेही घरच. अशा रीतीने दोन्ही ठिकाणी पायाखालची तसूभर जमीन ज्याची नाही, तो मनुष्य सरकारी कागदात दोनदा घरवाला होतो. पेशवाईतील हिशेबनिसांनाही ही किमया साधली नसती.

म्हणून पालघर आणि बोईसर-तारापूर भागात बेघर कोण, हा प्रश्न छपरापासून सुरू करून भागत नाही. तो छपराखालच्या जमिनीपासून सुरू करावा लागतो.

या जमिनीचा इतिहास पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगणे भाग आहे. डहाणू, तलासरी, पालघर या पट्ट्यातील जमीन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सावकार, जमीनदार आणि गवताचे व्यापारी यांच्या हाती गेली. जमिनीबरोबर तिच्यावरचे पाडेही गेले. वारल्याची झोपडी त्याने स्वतः बांधलेली असे, पण ती ज्या जागेवर उभी, ती जागा मालकाची असे. मालकाने 'उठ' म्हटले की कूड उपटून चालू लागायचे. वेठबिगार आणि लग्नगडी यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने मालकाकडे राबत राहणे, हे लग्नगड्याचे स्वरूप. पण कर्ज फिटले तरी मनुष्य पळून का जात नसे, याचे एक मोठे कारण त्याच्या झोपडीखालच्या जमिनीत होते. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची जी सभा झाली, तिने वेठ नाकारली. वेठ गेली, जागेची मालकी मात्र जिथल्या तिथे राहिली.

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत घर ही टिकाऊ उपभोग्य वस्तू म्हणून येते. शेतमजुराच्या बाबतीत ही मांडणी साफ अपुरी आहे. त्याच्या घराची जागा ही मजुरीच्या सौद्यातील एक अट असते. ज्याच्या सर्व्हे नंबरात झोपडी, त्याच्याच वाडीत आणि त्याच्याच भट्टीवर काम. दर तो सांगेल तो. या जागेचे भाडे पैशांत कधीच ठरत नाही. ते कमी मजुरीच्या रूपाने वर्षानुवर्षे वसूल होते, आणि कोणत्याही वहीत त्याची नोंद नसल्याने ते कधी फिटतही नाही. संप करणाऱ्याला एक दिवसाची मजुरी गमवावी लागते. परक्याच्या जागेवर राहणाऱ्या संपकऱ्याला घर गमवावे लागते. किमान वेतनाचा कायदा असून तो या भागात इतकी दशके लंगडत का राहिला, याचे उत्तर कामगार आयुक्तांच्या कचेरीइतकेच तलाठ्याच्या दप्तरातही शोधले पाहिजे.

केरळने ही गाठ ओळखली होती. तेथे परक्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या मजुराला 'कुडिकिडप्पुकारन' असे स्वतंत्र नावच आहे. १९६९ च्या दुरुस्तीने, जी १ जानेवारी १९७० पासून अमलात आली, अशा मजुराला झोपडी आणि तिच्याभोवतीची जागा अल्प किमतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. खेडेगावात ही जागा दहा सेंटपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठे. चार गुंठ्यांत घर बसते, चार माड लागतात, शेळी बांधता येते, आणि मालकाने कामावरून काढले तरी रात्री कोठे झोपावे हा प्रश्न उरत नाही. केरळातील शेतमजुरांच्या संघटना पुढे मजुरीचा दर रेटून वाढवू शकल्या, यामागे अनेक कारणे आहेत. घराची जागा पक्की झाली, हे त्यांतील एक ठळक कारण आहे. आणि हा हक्कही नुसत्या विधेयकाने पदरात पडला नाही. मजुरांनी झोपडीभोवती स्वतः कुंपणे घालावयास सुरुवात केली, तेव्हा कायद्याला पाय फुटले.

महाराष्ट्रात कायदा नव्हता असे मात्र नाही. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याची कलमे १६ ते १८ याच विषयाची आहेत. मालकाच्या जागेवर स्वखर्चाने घर बांधून राहणाऱ्या कुळाला घरातून काढता येणार नाही, जागा विकावयाची झाल्यास पहिला हक्क त्याचा, आणि हेच संरक्षण शेतमजूर व कारागीर यांनाही, असे ती कलमे सांगतात. पुढे दुरुस्ती होऊन ठरावीक तारखेपासून जागा खरेदी केल्याचे मानले जावे, इथपर्यंत मजल गेली. पालघरातील किती तालुका-कार्यकर्त्यांनी ही कलमे कधी हाताळली असतील? कसेल त्याची जमीन ही घोषणा घरोघर पोचली. राहील त्याची जागा हा तिचा दुसरा अर्धा भाग कायद्याच्या पुस्तकात धूळ खात राहिला. ज्याचे नाव पीकपाहणीला लागले नाही, तो कूळ ठरला नाही. ज्याच्या झोपडीची नोंद कोठेच झाली नाही, तो शेतमजूर म्हणूनही सिद्ध झाला नाही.

आता घरकुलांकडे वळू. १९८५-८६ साली इंदिरा आवास योजना आली, २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली, आदिवासींसाठी राज्याची शबरी योजना आहे, आणि २०२३ पासून कातकऱ्यांसारख्या अतिदुर्बल गणलेल्या जमातींसाठी केंद्राची निराळी योजना आहे. या योजनांनी घरे बांधली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तलासरी-डहाणूच्या रस्त्याने जाणाऱ्याला ती दिसतात. पण ग्रामीण आवास योजनेचे १ लाख २० हजारांचे अनुदान मिळण्यासाठी प्रथम बांधावयास जागा दाखवावी लागते. म्हणजे जो सर्वांत अधिक बेघर, तोच यादीतून गळतो. हे ध्यानात आल्यावर राज्य शासनाने जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना काढली. प्रारंभी तिची मर्यादा ५० हजार रुपये आणि ५०० चौरस फूट अशी होती. केरळातील चार गुंठ्यांपुढे हा अर्धा गुंठादेखील नव्हे! आणि तो तरी बोईसरच्या परिसरात ५० हजारांत कोण विकतो?

बोईसर-तारापूर हे या प्रश्नाचे दुसरे अंग आहे. तारापूरच्या अणुकेंद्रातील वीज १९६९ साली सुरू झाली. त्यानंतरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांच्या शेकडो कारखान्यांना माणसे हवी होती. ती माणसे कोठे राहतील याचा विचार कोणाच्याच आराखड्यात नव्हता. अणुकेंद्राने आपल्या नोकरवर्गासाठी टुमदार वसाहत बांधली. कंत्राटदाराच्या माणसांसाठी गावकऱ्यांनी शेतात चाळी काढल्या, बहुतेक बिगरशेती परवानगीविना. एका खोलीत पाचसहा जण, पाळीप्रमाणे आळीपाळीने निजणारे. रात्रपाळीचा उठला की त्याच अंथरुणावर दिवसपाळीचा आडवा होतो. भाडेकरार नाही, पावती नाही, म्हणून पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणून शिधापत्रिका नाही. २०२० च्या मार्चमधील टाळेबंदीत कारखाना बंद होताच खोलीचे भाडे थकले आणि अहमदाबाद महामार्गावरून माणसे पायी चालू लागली. जनगणनेच्या भाषेत यांतील एकही जण बेघर नव्हता.

येथे आणखी एक विसंगती नोंदविली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत बोईसरची लोकसंख्या ३६ हजारांवर होती, आजूबाजूची सरावली, पास्थळ, खैरा ही गावे वेगळीच. जनगणनेने बोईसरला शहर म्हटले; कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. २०१३ पासून राबविल्या गेलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांसाठी निवाऱ्यांची तरतूद होती, पण ती नगरपालिका असलेल्या शहरांसाठी. त्यामुळे बोईसर स्थानकाबाहेर निजणारा मनुष्य खेड्यातील बेघर ठरतो, आणि खेड्यातील बेघरासाठी रात्रनिवारा नावाची वस्तूच सरकारच्या कोशात नाही.

जमीनच नाही, हे उत्तर पालघरात तरी देऊ नये. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा निर्माण झाल्यावर मुख्यालय आणि नवे नगर यांसाठी सुमारे ४४० हेक्टर सरकारी जमीन उपलब्ध झाली. सिडकोने कोळगाव येथे भव्य कचेऱ्या बांधून दिल्या आणि मोबदल्यात उरलेली मोठी जमीन विकसित करून विकण्याचा अधिकार सिडकोकडे गेला. कचेऱ्या हव्यातच, आदिवासीला ठाण्याचा हेलपाटा वाचला, हे चांगलेच झाले. पण त्या ४४० हेक्टरांतून वीस हेक्टर, म्हणजे दोन हजार गुंठे, कंत्राटी कामगारांच्या भाड्याच्या घरांसाठी आणि जागा नसलेल्या घरकुलधारकांसाठी राखून ठेवावेत, असा आग्रह कोणत्या पक्षाने नेटाने धरला? समाजवादी म्हणविणाऱ्यांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावयास हरकत नाही.

या भागातील संघटनांनी केलेले काम या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. ऑगस्ट १९७० मध्ये समाजवादी आणि कम्युनिस्ट पक्षांनी देशभर भूमिमुक्तीचे आंदोलन केले. पुष्कळ ठिकाणी ते एक दिवस जमिनीवर झेंडा रोवून, अटक करवून घेऊन संपले. पालघर तालुक्यातील काळूराम धोदडे आणि त्यांचे सहकारी या प्रतीकापाशी थांबावयास तयार नव्हते. त्यातून भूमिसेना उभी राहिली, गावोगाव तरुण मंडळे झाली आणि सावकाराच्या ताब्यातील जमिनी प्रत्यक्ष परत घेण्याचे काम सुरू झाले. १९७८ साली कष्टकरी संघटना स्थापन झाली. वनजमिनीवरील आदिवासींच्या वहिवाटीला लेखी पुरावा नाही म्हणून दावे फेटाळले जात, तेव्हा तिच्या प्रदीप प्रभू यांनी सर्वोच्च न्यायालय गाठले. लेखी कागदाखेरीज अन्य पुरावाही तपासला पाहिजे, ही दिशा १९९५ च्या आदेशाने मिळाली. २००६ च्या वनहक्क कायद्यात आणि त्याच्या नियमांत वृद्धांचे कथन, झोपडीचा चौथरा, बांध, विहीर हे पुरावे म्हणून आले, त्यामागे ही लढाई आहे. विशेष म्हणजे तो कायदा केवळ कसण्याचा हक्क देत नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहण्याचा, वस्तीचा हक्कही देतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रात गावालगतच्या वनजमिनीवर घरे बांधण्यासाठी वाट खुली केली, तीही याच धारेत बसते. दाव्यांच्या अर्जात शेताचा तुकडा लिहिला जातो आणि घराचा चौथरा लिहावयाचा राहून जातो, एवढे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम होईल.

मुंबईतील संघटनांचा मार्ग निराळा होता. १९८१ च्या पावसाळ्यात पदपथवासीयांना हुसकण्याचा हुकूम निघाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १० जुलै १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. निकालाने हक्क दिला आणि रीतसर सूचना देऊन हटविण्याची मुभाही दिली, हे त्याचे दुखणे. निवारा हक्क सुरक्षा समितीने पाडापाडीला रस्त्यावर आणि न्यायालयात तोंड दिले. राष्ट्रीय उद्यानातून हटविलेल्या हजारो कुटुंबांसाठी चांदिवलीचे संघर्षनगर उभे राहिले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा बारा महिने, चोवीस तास चालविण्याचे आदेश दिले. सव्वा कोटीच्या मुंबईला या हिशेबाने सव्वाशे निवारे हवे होते. महापालिका त्या संख्येच्या जवळपासही फिरकली नाही. बेघरांमध्ये काम करणारे गट आजही या निवाऱ्यांसाठी भांडत आहेत, आणि ते भांडण योग्यच आहे. पावसात भिजणाऱ्या बाईला आधी जमिनीचा सातबारा आणि मग छप्पर, असे कोणी म्हणणार नाही.

तरीही एक उणीव बोलून दाखविली पाहिजे. मुंबईचे गट बेघराला पुलाखाली भेटतात, पालघरचे गट त्याला पाड्यावर भेटतात, आणि कित्येकदा तो एकच मनुष्य असतो. शहरातील अर्जात तो निवारा मागतो, गावातील अर्जात वनपट्टा. दोन्ही अर्ज दोन खात्यांच्या दोन फायलींत पडून राहतात. एका बाजूचे लोक नागरी दारिद्र्याची परिभाषा बोलतात, दुसऱ्या बाजूचे जल-जंगल-जमिनीची. वीटभट्टीवरचा मजूर मात्र या दोन्ही भाषांच्या मधल्या पट्ट्यात सहा महिने राहतो, आणि तेथे त्याला कोणतीच संघटना क्वचितच भेटते.

हे जोडकाम आताच का निकडीचे झाले आहे, हे किनाऱ्यावर जाऊन पाहावे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. लोकांना दूर आतल्या बाजूला वसाहत करून घरे दिली गेली आणि पुनर्वसन झाले, असे जाहीर झाले. पण मच्छीमाराचे घर चार भिंतींत संपत नाही. होडी ओढून ठेवण्याची जागा, जाळे विणण्याचे अंगण, बोंबील वाळविण्याच्या ओलाण्या आणि भरतीची चाहूल लागेल इतके अंतर, हे सारे मिळून त्याचे घर होते. त्यांतील भिंती मिळाल्या. पुढे खटले चालले, ते उगाच नव्हे.

तारापूरच्या उत्तरेला वाढवण येथे ७६ हजार २२० कोटींच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरात पायाभरणी झाली. बंदर समुद्रात भराव घालून होणार, तेव्हा विस्थापन कोणाचे, असा युक्तिवाद केला जातो. तो अक्करपट्टीच्या अनुभवानंतर ऐकवत नाही. शिवाय बंदराकडे जाणारे रस्ते आणि लोहमार्ग समुद्रातून जाणार नाहीत. बोईसरला स्थानक असलेली अहमदाबादची अतिवेगवान रेल्वे, मालवाहू रेल्वेमार्ग आणि वडोदऱ्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग ही कामे याच तालुक्यांतून जातात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात एक वाक्य आहे: स्वतःची घरजागा नसलेले, पण अधिसूचनेपूर्वी किमान तीन वर्षे सलग त्या भागात राहणारे कुटुंब नाइलाजाने उठले, तर त्यालाही घराचा लाभ मिळेल. पालघरच्या दृष्टीने त्या कायद्यातील याहून मोलाचे वाक्य शोधून सापडावयाचे नाही. पण जमीन थेट खरेदीने गेली की व्यवहार सातबाऱ्याच्या मालकाशी होतो, आणि त्याच्या बांधावर दोन पिढ्या राहणारे कुटुंब त्या कागदावर नसतेच. तीन वर्षे राहत होतो, हे त्याने सिद्ध कशाने करावे?

त्यासाठी पाड्यापाड्याची यादी लागेल: घर कोणाचे, कोणत्या सर्व्हे नंबरात, ती जमीन खाजगी की वनखात्याची की गायरान, किती वर्षांची वस्ती, घरपट्टीची पावती आहे की नाही, हंगामात कुटुंब कोठे जाते. यादी ग्रामसभेत वाचून ठरावासह मंजूर झाली तर वनहक्काच्या दाव्याला, कुळकायद्याच्या अर्जाला आणि भूसंपादनाच्या हरकतीला तोच कागद लावता येईल. पेसा कायद्याखालील ग्रामसभेला तो अधिकार आहे. काम कंटाळवाणे आहे, त्यात भाषण नाही, छायाचित्र नाही. आणि ते केव्हाही करता येणारे नाही. दिवाळी झाली की मोखाड्याहून सुटणाऱ्या गाड्या भरून जातात. भातकापणीच्या दिवसांत मात्र माणसे पाड्यावर असतात, संध्याकाळी खळ्यावर भेटतात, आणि कोणाची झोपडी कोणाच्या जागेवर आहे हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते.